अणुबॉम्बच्या खुणा मोजणाऱ्या फुजितांनी विमानं पाडणारा वारा शोधून काढला

९ ऑगस्ट १९४५. अमेरिकेचं बॉम्बर विमान जपानच्या कोकुरा शहरावर घिरट्या घालत होतं. पोटात अणुबॉम्ब होता, पण खाली ढग आणि धूर इतका की निशाणच दिसेना. शेवटी विमान वळलं आणि बॉम्ब नागासाकीवर पडला.

कोकुराजवळच्याच एका कॉलेजात तेव्हा २४ वर्षांचा एक तरुण शिकवत होता. नाव तेत्सुया फुजिता. आज जगात कुठंही विमान वादळ टाळून सुखरूप उतरतं, त्यात या माणसाचा मोठा वाटा आहे.

फुजितांचा जन्म २३ ऑक्टोबर १९२० चा, क्युशू बेटावरचा. शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं. बॉम्ब पडल्यानंतर काही आठवड्यांनी ते नागासाकी आणि हिरोशिमाला गेले आणि भाजल्याच्या खुणांवरून स्फोट किती उंचीवर झाला याचं गणित मांडू लागले. तिथं एक गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की बसली. स्फोटाच्या बरोबर खालची झाडं उभीच होती, आणि भोवतालची मात्र मध्यापासून बाहेरच्या दिशेने चौफेर आडवी झाली होती.

१९४७ मध्ये सेबुरी डोंगरावरच्या वेधशाळेतून त्यांनी एका गडगडाटी वादळाची मोजमापं घेतली. वादळात हवा वर चढते हे सगळ्यांना ठाऊक होतं. फुजितांना दिसलं की ती खालीही कोसळते. त्याच काळात अमेरिकी रडार केंद्रावरच्या कचऱ्यातून शिकागो विद्यापीठातल्या होरेस बायर्स यांचा एक अहवाल त्यांच्या हाती लागला. विषय तोच! मग काय, त्यांनी आपलं काम इंग्रजीत करून बायर्सना पाठवलं आणि १९५३ मध्ये शिकागोहून बोलावणं आलं. पुढचं सगळं आयुष्य तिथंच गेलं.

टॉर्नेडोची तीव्रता मोजणारा एफ स्केल त्यांचाच, १९७१ चा. त्यामुळे अमेरिकेत त्यांचं नाव मिस्टर टॉर्नेडो पडलं. गंमत म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी टॉर्नेडो त्यांना पहिल्यांदा दिसला तो १९८२ मध्ये. तोवर सगळा तपास मागे राहिलेल्या पडझडीवरून.

एप्रिल १९७४ मध्ये अमेरिकेत टॉर्नेडोंनी थैमान घातलं. नुकसान पाहायला फुजिता विमानातून फिरत होते. वेस्ट व्हर्जिनियात एका जंगलात झाडं गोल फिरून नाही, तर मध्यापासून चौफेर बाहेर पडलेली दिसली. त्यांना नागासाकी आठवलं.

वर्षभरात त्याचा संबंध विमानांशी जुळला. २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरताना ईस्टर्न एअरलाइन्सचं फ्लाइट ६६, बोइंग ७२७, धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं. १२४ पैकी ११३ जण गेले. थोड्याच वेळापूर्वी त्याच धावपट्टीवर उतरलेल्या एका वैमानिकाने वारा धोकादायक असल्याचं सांगितलं होतं. एक विमान तर उतरणं रद्द करून परत वर गेलं होतं. मग मधली काही विमानं सुखरूप कशी उतरली? फुजितांचं उत्तर होतं की हा वारा अगदी छोट्या जागेत आणि काही मिनिटांपुरताच येतो. त्याला त्यांनी मायक्रोबर्स्ट म्हटलं.

आपल्याकडे वळवाचा पाऊस येण्याआधी एकदम गार वारा सुटतो ना, तो असाच ढगातून खाली आलेला असतो. पाऊस वाटेतच वाफ होतो, गारा वितळतात, हवा थंड आणि जड होऊन खाली आपटते आणि जमिनीवर चौफेर पसरते. मायक्रोबर्स्टमध्ये हेच चार किलोमीटरपेक्षा कमी रुंदीत, प्रचंड जोराने होतं.

उतरणाऱ्या विमानाला आधी वारा समोरून लागतो. विमान उचललं जातं, वैमानिक इंजिनाचा जोर कमी करतो. मध्यावर वारा वरून दाबतो. लगेच पुढे तो पाठीमागून येतो, पंखांवरून वाहणाऱ्या हवेचा वेग घटतो आणि विमान बसतं. जमीन शेदीडशे मीटरवर असेल तर सावरायला सेकंदच उरतात.

तज्ज्ञांनी आधी हे मानलंच नाही. खाली येणारा वारा जमिनीजवळ पोचेपर्यंत मंदावतो, आणि फुजिता जुन्याच गोष्टीला नवं नाव देतायत, असं त्यांचं म्हणणं. फुजिता वाद घालत बसले नाहीत. १९७८ मध्ये त्यांनी शिकागोच्या आसपास डॉपलर रडार लावले आणि सहा आठवड्यांत पन्नासच्या आसपास मायक्रोबर्स्ट पकडून दाखवले.

पण यंत्रणा हलायला आणखी जीव जावे लागले. १९८२ ला न्यू ऑर्लिन्सला १५३, १९८५ ला डॅलसला १३७. त्यानंतर मात्र वैमानिकांचं प्रशिक्षण बदललं, विमानांत धोक्याचा इशारा देणारी यंत्रं आली, विमानतळांजवळ डॉपलर रडार उभे राहिले. १९९४ मध्ये शार्लटला ३७ जण दगावले. त्यानंतर अमेरिकेत मायक्रोबर्स्टमुळे प्रवासी विमान पडण्याचा असा मोठा अपघात झालेला नाही.

म्हणून पावसाळी हवेत विमान टेकता टेकता पुन्हा वर गेलं की केबिनमध्ये जी कुरकुर सुरू होते, ती जरा आवरावी. वैमानिक फ्लाइट ६६ च्या आधीच्या त्या विमानासारखं वागतोय. वर आकाशात प्रश्न वेगळा असतो. तीव्र वादळापासून साधारण ३७ किलोमीटर लांब राहायचा सल्ला वैमानिकांना असतो, कारण ढगाच्या बाहेरही जोरदार हिसके बसतात. तेव्हा विमान मोडत नाही, पट्टा न लावलेला माणूस मात्र छतावर आपटतो.

शेवटच्या आजारपणात अंथरुणावरूनही फुजितांचं काम चालू होतं. १९ नोव्हेंबर १९९८ रोजी शिकागोत ते गेले, वयाच्या ७८ व्या वर्षी.