आर्थर अ‍ॅश : टेनिस कोर्टपासून एड्सविरोधी लढ्यापर्यंत

विम्बल्डन, अमेरिकन खुली आणि ऑस्ट्रेलियन खुली या तिन्ही स्पर्धांत पुरुष एकेरीचे विजेतेपद मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय टेनिसपटू म्हणून आर्थर अ‍ॅश यांची जगाला ओळख आहे. मात्र आयुष्याच्या अखेरच्या दहा महिन्यांत एचआयव्ही संसर्गाविषयी त्यांनी केलेल्या जनजागृतीचे मोल या विजेतेपदांहून कमी नाही.

अ‍ॅश यांचा जन्म १० जुलै १९४३ रोजी अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड येथे झाला. सहा वर्षांचे असतानाच त्यांचे मातृछत्र हरपले. वडील कृष्णवर्णीयांसाठी राखीव असलेल्या क्रीडांगणाची देखभाल करीत. तेथेच त्यांच्या हाती रॅकेट आली. वर्णभेदामुळे शहरातील अनेक कोर्ट त्यांना बंद होती. डॉ. वॉल्टर जॉन्सन यांनी त्यांच्या खेळाला शिस्त लावली, तर लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीने पुढील वाट मोकळी केली. १९६८ मध्ये अमेरिकन खुली, १९७० मध्ये ऑस्ट्रेलियन खुली आणि १९७५ मध्ये जिमी कॉनर्स यांना नमवून विम्बल्डन स्पर्धा त्यांनी जिंकली. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीलाही त्यांनी सातत्याने विरोध केला.

१९७९ मध्ये, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी, त्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्याच वर्षी आणि पुन्हा १९८३ मध्ये त्यांच्यावर बायपास शस्त्रक्रिया करण्यात आली. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना रक्त देण्यात आले. एड्सला कारणीभूत असलेला विषाणू पॅरिसच्या पाश्चर संस्थेत नुकताच आढळला होता. रक्तातील संसर्ग ओळखणारी चाचणी मात्र १९८५ मध्ये उपलब्ध झाली. त्या रक्तातूनच अ‍ॅश यांना एचआयव्हीची बाधा झाली, असे मानले जाते.

हा विषाणू शरीराच्या संरक्षणव्यवस्थेच्या मर्मावरच आघात करतो. रोगजंतूंशी लढणाऱ्या इतर पेशींना सावध करून त्यांच्या कामाची दिशा ठरवणाऱ्या सीडी-४ या पांढऱ्या पेशींमध्ये तो शिरतो. आपला जनुकीय आराखडा पेशीच्या केंद्रकात मिसळून तो तिच्याकडूनच नवे विषाणू घडवून घेतो. हळूहळू या पेशी नष्ट होत जातात. निरोगी व्यक्तीच्या एक घन मिलिमीटर रक्तात त्यांची संख्या साधारणतः ५०० ते १५०० असते. ती २०० च्या खाली घसरली की एड्सची अवस्था आली, असे मानतात. ही पडझड अनेक वर्षे बाहेरून दिसत नाही.

अ‍ॅश यांच्या बाबतीतही हेच घडले. १९८८ मध्ये त्यांचा उजवा हात लुळा पडला. मेंदूवरील शस्त्रक्रियेत टोक्सोप्लाझ्मा या एकपेशीय परजीवीचा संसर्ग आढळला. हा परजीवी कोट्यवधी निरोगी माणसांच्या शरीरात असतो. सक्षम प्रतिकारशक्ती त्याला डोके वर काढू देत नाही. पहारा ढासळला की तोच मेंदूवर हल्ला करतो. अशा आजारांना संधिसाधू आजार म्हणतात. त्यानंतरच्या चाचणीत एचआयव्हीचे निदान झाले.

लहान कन्येचा आणि कुटुंबाच्या स्वस्थतेचा विचार करून अ‍ॅश यांनी हे निदान गुप्त ठेवले. १९९२ मध्ये एका दैनिकाने याविषयी विचारणा केल्यावर ८ एप्रिल रोजी पत्रकार परिषद घेऊन त्यांना ते जाहीर करावे लागले. रुग्णाच्या खासगीपणाचा अधिकार किती, हा प्रश्न त्यावेळी जगभर चर्चिला गेला. त्यानंतर मात्र अ‍ॅश मागे हटले नाहीत. एड्स निर्मूलनासाठी त्यांनी प्रतिष्ठान स्थापन केले आणि १ डिसेंबर १९९२ रोजी, जागतिक एड्स दिनी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भाषण केले.

६ फेब्रुवारी १९९३ रोजी न्यूयॉर्कमध्ये न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. ते ४९ वर्षांचे होते. फुप्फुसांचा हा आजारही दुबळ्या झालेल्या प्रतिकारशक्तीचाच परिणाम होता.

अवघ्या तीन वर्षांनी, १९९६ मध्ये, अनेक औषधे एकत्र देण्याची प्रभावी उपचारपद्धती आली. ही औषधे विषाणूची वाढ रोखतात आणि सीडी-४ पेशींना पुन्हा वाढण्यास वाव देतात. वेळेवर निदान होऊन नियमित उपचार घेणारी व्यक्ती आज दीर्घायुष्य जगू शकते. न्यूयॉर्कमधील अमेरिकन खुल्या स्पर्धेचे मुख्य स्टेडियम १९९७ पासून आर्थर अ‍ॅश यांच्या नावाने ओळखले जाते.