विश्लेषण : मेडिकलचा विद्यार्थी भारताचा ऑलिम्पिक फुटबॉल कर्णधार कसा झाला?

सोलापूरजवळच्या कुंभारीत आज वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे एमबीबीएस करणाऱ्या कुणालाही विचारा, पोस्टिंग आणि परीक्षांतून मैदानासाठी किती वेळ उरतो? डॉ. तालिमेरेन आओ यांनी हेच शिक्षण घेता घेता मोहन बागानचा बचाव सांभाळला आणि १९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये भारताचे नेतृत्व केले.

कोण होते डॉ. आओ?

जन्म २८ जानेवारी १९१८ चा, नागा टेकड्यांतील चांगकी गावचा. वडील धर्मोपदेशक. लहानपणी फुटबॉल म्हणजे चिंध्या बांधून केलेला चेंडू. १९३५ मध्ये वडील विषमज्वराने गेले. मुलाने डॉक्टर होऊन आपल्या लोकांची सेवा करावी, ही त्यांची अखेरची इच्छा. गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजात आओ फुटबॉलसोबत ॲथलेटिक्समध्येही चमकले. १९४२ मध्ये कोलकात्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात (आताचे आर. जी. कर) प्रवेश मिळाला आणि पुढच्याच वर्षी मोहन बागानची जर्सी.

सेंटर हाफचे काम काय?

त्या काळी संघ २-३-५ अशा रचनेत उतरत. मागे फक्त दोन बॅक, मध्ये तीन हाफ, पुढे पाच फॉरवर्ड. आज चार बचावपटू पाहायची सवय असलेल्यांना हे धाडसच वाटेल. त्यामुळे मधल्या हाफवर दुहेरी भार असे. प्रतिस्पर्ध्याची मधली वाट अडवायची, चेंडू काढून घ्यायचा आणि तिथूनच आपली चढाई सुरू करून द्यायची. ही जागा आओंची. पुढे क्लबचे कर्णधारपदही त्यांच्याकडे आले.

लंडनमध्ये काय घडले?

उद्घाटन सोहळ्यात तिरंगा आओंच्या हाती होता. ३१ जुलैला इलफर्डच्या मैदानावर फ्रान्सशी सामना झाला. स्वतंत्र भारताचा हा पहिलाच आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना. अकरापैकी बहुतेक भारतीय अनवाणी खेळले. फ्रान्सने आघाडी घेतली, रामन यांनी बरोबरी साधली. मात्र भारताच्या दोन पेनल्टी वाया गेल्या आणि शेवटच्या मिनिटांत फ्रान्सने दुसरा गोल केला. निकाल १-२. पेनल्टीची हळहळ आजही व्यक्त होते. बलाढ्य फ्रान्सला जवळपास पूर्ण वेळ एका गोलवर रोखणाऱ्या बचावाबद्दल मात्र फारसे कुणी बोलत नाही.

मग ते फुटबॉलपटू म्हणूनच का राहिले नाहीत?

इंग्लंडच्या आर्सेनल क्लबने प्रस्ताव दिला आणि आओंनी तो नाकारला, ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. ती मोठ्या त्यागासारखी रंगवतात. खरे तर त्यांचा निर्णय लंडनमध्ये झालाच नव्हता, तो १९३५ मध्येच झाला होता. परतल्यावर त्यांनी अभ्यासही चालू ठेवला आणि खेळही. १९५० मध्ये एमबीबीएस झाले, मोहन बागानकडून १९५२ पर्यंत खेळले. मग थेट ईशान्येत परतून सरकारी रुग्णसेवेत, कोहिमाच्या रुग्णालयात. नागालँड राज्य झाल्यावर ते आरोग्य सेवा संचालक झाले आणि १९७८ मध्ये निवृत्त. १३ सप्टेंबर १९९८ रोजी त्यांचे निधन झाले.