उशिरा चढवलेले हातमोजे : रॉकी मार्सियानो

ज्या शाळेचा दिवस पंचशीलाने सुरू होतो, तिच्या स्मरणिकेत मुष्टियोद्ध्याचे चरित्र कशासाठी, असे काही पालकांना वाटेल. तो संकोच आम्हांलाही होता. परंतु आपल्या वसतिगृहात वयाने मोठी आणि वर्गाने लहान अशी मुले येतच असतात. वेळ टळून गेली, ही त्यांची समजूत दूर करायला हे चरित्र आम्हांस उपयोगी वाटले.

रॉकी मार्सियानो यांचा जन्म १ सप्टेंबर १९२३ रोजी अमेरिकेतील ब्रॉक्टन या जोड्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी, स्थलांतरित इटालियन कुटुंबात झाला. वडील अशाच एका कारखान्यात राबत. रॉकींनी शाळा अर्ध्यावर सोडली, खड्डे खणले, मिळेल ती अंगमेहनत केली. त्यांचे स्वप्न मात्र बेसबॉलचे होते. १९४७ साली एका संघाच्या चाचणीत ते नापास झाले आणि ते स्वप्न संपले. तेव्हा त्यांचे वय २३ होते. मुष्टियुद्धाचा अनुभव म्हणाल तर सैन्यातील काही लढती आणि हौशी स्पर्धांतील थोड्याशा. त्यांतही काही पराभव. १९४८ च्या जुलैत ते व्यावसायिक रिंगणात नियमितपणे उतरले, तेव्हा पंचविशी जवळ आली होती. त्यांचे आदर्श जो लुई विसाव्या वर्षीच या व्यवसायात आले होते.

शरीरही अनुकूल नव्हते. वजनदार गटाच्या मानाने उंची कमी, हात आखूड, पाय अवघडलेले. चार्ली गोल्डमन हे वृद्ध प्रशिक्षक त्यांना लाभले, हे त्यांचे मोठे भाग्य. गोल्डमन यांनी त्यांचा मूळचा उजव्या हाताचा तडाखा बिघडू दिला नाही. बुटकेपणाचाच उपयोग करून वाकून, प्रतिस्पर्ध्याच्या अंगाशी भिडून लढायला शिकवले आणि दुर्लक्षित डावा हात कामाला लावला. शिष्याच्या उणिवा झाकण्यापेक्षा त्या कामी आणणारे गुरू विरळाच. रॉकी आणि त्यांचा बालमित्र सरावासाठी ब्रॉक्टनहून न्यूयॉर्कला मालवाहू ट्रकांतून जात.

३० डिसेंबर १९४९ च्या रात्रीविषयी मात्र थांबून लिहिले पाहिजे. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सहाव्या फेरीत त्यांच्या प्रहाराने कार्माइन व्हिंगो हा तरुण कोसळला. तो मरणाच्या दारातून परतला, पण पुन्हा कधी लढू शकला नाही. रॉकींनी त्याच्या उपचारांच्या खर्चाला हातभार लावला आणि पुढेही स्नेह राखला. तरीही त्यांनी लढणे सोडले नाही. पहिल्या शीलाच्या कसोटीवर याचे समर्थन आम्हांला करता येत नाही, आणि ते करण्याचा आमचा हेतूही नाही.

१९५१ साली त्यांनी उतारवयातील जो लुई यांना हरवले आणि नंतर त्यांच्यासाठी अश्रू ढाळले. २३ सप्टेंबर १९५२ रोजी फिलाडेल्फियात जर्सी जो वॉल्कॉट यांच्याशी जगज्जेतेपदाची लढत झाली. पहिल्याच फेरीत रॉकी खाली पडले. बारा फेऱ्यांअखेर तिन्ही पंचांच्या गुणतक्त्यांत ते मागे होते. तेराव्या फेरीत उजव्या हाताचा एकच आखूड ठोसा बसला आणि वॉल्कॉट उठले नाहीत.

सहा वेळा पद राखून, ४९ पैकी ४९ लढती जिंकून, १९५६ च्या एप्रिलमध्ये ते निवृत्त झाले. वय अवघे ३२ होते. ३१ ऑगस्ट १९६९ रोजी आयोवा राज्यात एक लहान विमान कोसळून त्यांचा अंत झाला. दुसऱ्या दिवशी त्यांचा ४६ वा वाढदिवस होता.