सेलोफेनच्या वेष्टनाने दिलेली सव्वासहा वर्षे

आनेकल (बेंगळुरू), १८ एप्रिल : सापेक्षता सिद्धान्ताचे जनक अल्बर्ट आइन्स्टाईन यांचा आज स्मृतिदिन. पोटातील महाधमनी फुटल्याने १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले.

१४ मार्च १८७९ रोजी जर्मनीतील उल्म येथे जन्मलेले आइन्स्टाईन नाझी राजवटीमुळे १९३३ मध्ये मायदेशाला मुकले आणि अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे स्थायिक झाले. पाइप ओढण्याची सवय त्यांना दीर्घकाळ होती. पोटदुखीमुळे डिसेंबर १९४८ मध्ये ब्रुकलिन येथे त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. ती करणारे रुडॉल्फ निसेन हेही जर्मनी सोडून आलेले शल्यविशारद. महाधमनीला मोठा फुगवटा आढळला. तो काढून तेथे दुसरी रक्तवाहिनी बसवण्याची शस्त्रक्रिया पॅरिसमध्ये चार्ल्स द्युबोस्त यांनी यशस्वी केली ती १९५१ मध्ये. त्यामुळे निसेन यांनी फुगवट्याभोवती सेलोफेन गुंडाळले. त्याच्या दाहाने तंतुमय ऊती वाढून दुबळ्या भिंतीला आधार मिळावा, हा हेतू होता.

एप्रिल १९५५ मध्ये वेदना पुन्हा उसळल्या. तोवर नवी शस्त्रक्रिया उपलब्ध झाली होती; परंतु कृत्रिमरीत्या आयुष्य लांबवणे आइन्स्टाईन यांना मान्य नव्हते. रुग्णालयातही त्यांनी चष्मा व आकडेमोडीचे कागद मागवून घेतले. १८ एप्रिलच्या पहाटे, वयाच्या ७६ व्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली.

हा विकार बहुधा लक्षणांविना वाढतो. महाधमनीचा व्यास ३ सेंटिमीटर वा अधिक झाल्यास त्यास विस्फार म्हणतात. धूम्रपान, वाढते वय, उच्च रक्तदाब आणि कुटुंबातील पूर्वेतिहास ही त्याची प्रमुख कारणे. साध्या सोनोग्राफीत तो दिसतो. लहान विस्फारावर ठरावीक काळाने लक्ष ठेवले जाते. पुरुषांत साधारण ५.५ आणि स्त्रियांत ५ सेंटिमीटरच्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो. आता जांघेतील धमनीतून आत स्टेंट बसवण्याचाही पर्याय आहे. पोटात वा पाठीत अचानक तीव्र कळ आणि घेरी आल्यास मात्र क्षणाचाही विलंब परवडत नाही.

आनेकल तालुक्यातील बोम्मसंद्रा येथे आज हृदय व रक्तवाहिन्यांवर उपचार करणारी मोठी रुग्णालये उभी आहेत. आइन्स्टाईन यांनी सारे जाणून शस्त्रक्रिया नाकारली. विकार वेळेत न कळलेल्यांना निवडीची ती संधीच मिळत नाही. ती संधी देणारी तपासणी काही मिनिटांची आहे. धूम्रपान केलेल्या साठीपुढील पुरुषांनी तिच्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.