इंदूरकरांनी ज्याला ‘प्लेग आणणारा साहेब’ समजून शिव्या घातल्या, त्यानेच शहराला दिवाळीची सगळ्यात भारी मिरवणूक दाखवली

पेपरच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात एक जाहीर सूचना येते. अमुक शहराचा प्रारूप विकास आराखडा तयार झालाय, नागरिकांनी आपल्या हरकती आणि सूचना मुदतीत लेखी द्याव्यात, वगैरे. बहुतेक लोक पान उलटतात. मग एक दिवस सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी नकाशाचा फोटो टाकतं. आपल्या बिल्डिंगवरून रस्ता गेलेला दिसतो आणि धावाधाव सुरू होते. तोपर्यंत मुदत संपत आलेली असते.

शहराचा प्लॅन करताना तिथे राहणाऱ्याला विचारायचं कधी? नकाशावर रेघ मारायच्या आधी, की मारून झाल्यावर?

हा वाद आजचा नाही. शंभर वर्षांपूर्वी एक दाढीवाला स्कॉटिश प्रोफेसर हाच वाद घालत लाहोरपासून तंजावरपर्यंत फिरत होता. त्याने ठाण्याचा अहवाल लिहिला, होळकरांच्या इंदूरमध्ये मिरवणूक काढली आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग उभा केला. नाव पॅट्रिक गेडिस.

गंमत म्हणजे हा माणूस इंजिनिअर नव्हता आणि आर्किटेक्टही नव्हता. शिक्षणाने तो जीवशास्त्रज्ञ.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ चा, स्कॉटलंडमधल्या बॅलटर गावचा. वाढले पर्थमध्ये. लंडनला जाऊन ते थॉमस हक्सली यांच्या हाताखाली शिकले. डार्विनचा सिद्धांत जगाला पटवून देणारे ते हेच हक्सली. गेडिस आयुष्यभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले असते, पण १८७९ मध्ये मेक्सिकोला गेले असताना त्यांची दृष्टी गेली. अनेक आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. डोळे पुढे बरे झाले, पण मायक्रोस्कोपवर तासन्‌तास काम करणं संपलं. अंधारात बसून त्यांनी कागदाच्या घड्या घालून, चौकोन चाचपत विचार मांडायची एक पद्धत मात्र तयार केली. पुढे जागा, काम आणि माणसं या तीन गोष्टी एकमेकींपासून तोडून बघायच्या नाहीत, हा त्यांचा हट्ट झाला.

१८८६ मध्ये त्यांनी ॲना मॉर्टन यांच्याशी लग्न केलं आणि लवकरच या जोडप्याने नातेवाइकांना धक्का दिला. एडिनबर्गच्या नव्या, ऐसपैस भागात घर घ्यायचं सोडून ते जुन्या शहरातल्या जेम्स कोर्ट नावाच्या चाळीत राहायला गेले. ही त्या काळातली झोपडपट्टीच म्हणा. अंधारे जिने, एका खोलीत अख्खं कुटुंब. अशा वस्तीचं काय करायचं, याचं एकच उत्तर अधिकाऱ्यांना माहीत होतं. पाडून टाका.

गेडिस दांपत्याने झाडू आणि चुन्याची बादली घेतली. आधी स्वतःची खोली, मग जिना, मग बाहेरचा चौक. शेजारी आधी नुसते बघत होते, नंतर हाताला हात लावू लागले. खिडक्यांत फुलांच्या पेट्या आल्या. गेडिसनी एक एक जुनी इमारत घेऊन दुरुस्त करायला सुरुवात केली. जी अगदीच मोडकळीला आलीय तेवढीच पाडायची, म्हणजे बाकीच्यांना ऊन-वारा मिळेल. विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं काढली, तीही विद्यार्थ्यांनीच चालवायची. या सगळ्यात पैशाचा हिशोब वारंवार कोलमडला, आणि तो निस्तरायला ॲना होत्या. गेडिसवर लिहिताना त्यांचं नाव अनेकदा एका ओळीत उरकलं जातं, हे बरोबर नाही.

१८९२ मध्ये त्यांनी एडिनबर्गच्या किल्ल्याजवळची एक इमारत घेऊन तिथे आउटलुक टॉवर सुरू केला. सगळ्यात वर जायचं, तिथल्या कॅमेरा ऑब्स्क्युरातून आपलं शहर बघायचं आणि मग मजला-मजला उतरत एडिनबर्ग, स्कॉटलंड, युरोप आणि जग समजून घ्यायचं. आपल्या शहराबद्दल बोलायचं तर आधी ते दिसलं पाहिजे, नकाशे आणि आकडे सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर असले पाहिजेत, ही त्यामागची कल्पना. त्यातूनच पुढे त्यांचं शहरांवरचं फिरतं प्रदर्शन तयार झालं.

हे प्रदर्शन घेऊन या, असं बोलावणं मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी धाडलं. १९१४ मध्ये गेडिस हिंदुस्थानात आले, प्रदर्शनाचं सामान मागून ‘क्लॅन ग्रँट’ नावाच्या जहाजाने येत होतं. महायुद्ध पेटलेलं होतं. ‘एमडेन’ या जर्मन युद्धनौकेने ते जहाज ऑक्टोबरमध्ये बुडवलं. वर्षानुवर्षं जमवलेले नकाशे, चित्रं, सगळं समुद्राच्या तळाशी गेलं. मित्रांनी धावपळ करून नवीन सामान पाठवलं आणि १९१५ च्या सुरुवातीला मद्रासमध्ये प्रदर्शन उभं राहिलंच.

आता त्या काळात इथे काय चाललं होतं ते समजून घ्यायला हवं.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्ये सरकारने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. दाट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, हवा खेळती ठेवायची. रस्ते झाले, पण जितकी घरं पाडली तितकी नवी गरिबांसाठी उभी राहिली नाहीत. उठवलेली माणसं शेजारच्या वस्तीत शिरली आणि ती वस्ती आणखी दाट झाली. म्हणजे गर्दी कमी करायची योजना गर्दी फक्त इकडून तिकडे ढकलत होती. हाच कित्ता बाकीची शहरं गिरवू लागली. नकाशा टेबलावर पसरायचा, पट्टी ठेवायची, सरळ रेघ मारायची. रेघेखाली कोण राहतं, हे बघायला जायची गरज कुणाला वाटत नव्हती.

गेडिस नेमके उलटे वागायचे. शहरात पोहोचले की पहाटेपासून गल्लीबोळ तुडवायचे. कुठल्या पारावर माणसं बसतात, विहिरीवर कुणाची गर्दी होते, कुठलं घर पडकं आहे, कुठली जागा कुणाचीच नाही, हे सगळं ते पायी फिरून नकाशावर उतरवायचे. मग मोडकी घरं आणि रिकाम्या जागा जोडत वाट काढायची, कोपऱ्यावरचं एखादंच घर कापायचं, झाडाखाली छोटा चौक करायचा. याला त्यांनी शस्त्रक्रियेची उपमा दिली होती. जगवण्यासाठी कापायचं, तेही कमीत कमी.

तंजावरच्या किल्ल्यातल्या वस्तीसाठी अशीच सरळ रस्त्यांची योजना तयार होती. तिच्या नुसत्या पहिल्या टप्प्याचा खर्च ३०,००० रुपये होता. गेडिसनी फिरून जो पर्याय सुचवला, त्याचा अंदाज होता ५,००० रुपये. लाहोरमध्ये तर एका योजनेत मंदिरं, मशिदी, धर्मशाळा, कबरी, दुकानं, घरं सगळं पुसून चौकोनी प्लॉट पाडायचे होते. गेडिसनी त्या योजनेची आपल्या अहवालात शब्द न राखता चिरफाड केली.

१९१५ मध्ये त्यांनी मुंबई इलाख्यातल्या सहा शहरांवर अहवाल दिले, त्यात ठाणंही होतं. त्या काळी मलेरियाच्या भीतीने तळी बुजवायची टूम निघाली होती. गेडिसचं म्हणणं होतं की डासांसाठी तळं कशाला मारता, त्यात मासे आणि बदकं सोडा. विहिरी बंद करायलाही त्यांचा विरोध होता. नळ आले म्हणून विहीर बुजवली आणि एक दिवस नळाला पाणीच आलं नाही तर काय, हा त्यांचा सवाल होता. टँकरची वाट बघणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

१९१७ साल मात्र त्यांच्यासाठी भयंकर ठरलं. एप्रिलमध्ये थोरला मुलगा ॲलस्डेअर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. त्याच वेळी ॲना कलकत्त्यात तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. मुलगा गेल्याची बातमी गेडिसनी त्यांच्यापासून लपवली. जूनमध्ये ॲनाही गेल्या, ती बातमी न कळताच.

आणि या सगळ्यातून जात असताना त्यांच्याकडे इंदूरचं काम होतं.

इंदूर म्हणजे होळकरांची राजधानी. तिथे प्लेग आणि मलेरियाने माणसं हैराण होती. गेडिस हातात नकाशे घेऊन गल्ल्यांतून फिरू लागले तशी लोक त्यांच्याकडे बोट दाखवून शिव्या देऊ लागले. गेडिसनी सोबतच्या माणसाला विचारलं तेव्हा कळलं, लोकांना वाटतंय की हाच तो म्हातारा साहेब, जो प्लेग घेऊन येतो. लोकांचं काय चुकलं होतं? प्लेग आला की पाठोपाठ नकाशेवाले येतात आणि त्यांच्या पाठोपाठ घर पडतं, हा अनुभव होता. आजही गल्लीत टेप घेऊन दोन माणसं उभी दिसली की पोटात गोळा येतोच.

अशा वेळी दुसऱ्या कुणी पोलीस मागितले असते. गेडिसनी संस्थानाकडे एका दिवसापुरते महाराजांचे अधिकार मागितले. आणि चक्क मिळवले.

त्यांनी जाहीर केलं की यंदा दिवाळीला मोठी मिरवणूक निघणार. पण तिचा मार्ग नेहमीचा नसेल. ज्या रस्त्यावर सगळ्यात जास्त घरं झाडून, दुरुस्त करून, रंगवून झालेली असतील, त्या रस्त्याने ती जाईल. कचरा महापालिका फुकट उचलेल. झालं! मिरवणूक आपल्या दारावरून गेली पाहिजे म्हणून गल्ल्यागल्ल्यांत चढाओढ लागली. ६,००० हून जास्त गाड्या कचरा निघाला, हजारो उंदीर पकडले गेले.

मिरवणुकीत पुढे संस्थानाचा नेहमीचा थाट होता. हत्ती, घोडे, स्वार. मागून रोगराईचा देखावा आला, पडक्या घरांच्या प्रतिकृती, घाणीचा राक्षस म्हणून उंचच्या उंच रावण, प्लेगचा भलामोठा उंदीर आणि अवाढव्य डास. त्यानंतर लक्ष्मी. आणि लक्ष्मीसोबत होते शहराचे सफाई कामगार. पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, नव्या फेट्यात, हातात नवे झाडू. ज्यांची सावली टाळली जायची ती माणसं त्या दिवशी मिरवणुकीच्या मानाच्या जागी चालत होती. १९१७-१८ चा काळ डोळ्यांसमोर ठेवला की यात काय होतं ते कळतं. पुढे शहराच्या नव्या आराखड्याचा मोठा नकाशा आणि होऊ घातलेल्या इमारतींचे नमुने गाड्यांवरून गेले. शेवटच्या गाड्यांवरून तुळशीची रोपं वाटली गेली. रात्री बागेत रावण आणि उंदीर जाळले, फटाके उडाले.

प्लेग ओसरला. त्याचा हंगामही संपत आला होता, त्यामुळे सगळं श्रेय मिरवणुकीला देता येत नाही. पण नकाशा बघून घराची कडी लावून घेणारे लोक आता त्याच नकाशाला बघायला रस्त्यावर उभे होते. १९१८ मध्ये गेडिसनी इंदूर दरबारला दोन खंडांचा अहवाल दिला. त्यातलं काही झालं, बरंच कागदावर राहिलं.

गेडिसना देव करायचंही कारण नाही. त्यांना कामं मिळायची ती गव्हर्नर आणि राजांच्या मर्जीने, एका शहरात ते मुक्काम करायचे थोडेच दिवस आणि गरिबांना मत द्यायचा हक्क असावा असं काही त्यांच्या अहवालांमुळे घडलं नाही. ते लोकांचं ऐकायचे, पण ऐकायचं की नाही हे शेवटी साहेबावरच होतं. पुढच्या शहरात दुसरा साहेब आला की संपलं.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आणलं. देशातल्या सगळ्यात जुन्या समाजशास्त्र विभागांपैकी हा एक. शिक्षक म्हणून ते अवघडच होते. दाढीतल्या दाढीत पुटपुटायचे, एका विषयावरून दहा विषयांवर जायचे. पण माणूस हेरायची नजर होती. मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये या तरुणाला त्यांनी निवडलं, विलायतेला शिकायला पाठवण्याची शिफारस केली आणि १९२४ मध्ये तोच विभाग घुर्ये यांच्या हातात गेला. भारतातल्या समाजशास्त्राच्या पुढच्या दोन-तीन पिढ्या घुर्ये यांनी घडवल्या.

तब्येतीमुळे गेडिस फ्रान्सला गेले. १९२५ मध्ये त्यांनी तेल अवीवचा आराखडा केला, मोंपेलिएला विद्यार्थ्यांसाठी एक कॉलेज उभारलं. आधी एकदा नाकारलेली ‘सर’ ही पदवी १९३२ मध्ये स्वीकारली आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला मोंपेलिएतच त्यांचं निधन झालं.

सहा शहरांचे ते १९१५ चे अहवाल महाराष्ट्र शासनाने १९६५ मध्ये पुन्हा छापले. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम आला. आज आपल्या शहरांचे डीपी होतात ते याच कायद्याने. आधी जमिनीचा आज काय वापर आहे याचा सर्व्हे करून नकाशा बनवायचा आणि मगच आराखडा आखायचा, हा गेडिसचा आग्रह त्याच्या २५ व्या कलमात आहे. आराखडा करणार असल्याचं जाहीर करतानाही सूचना मागवायच्या असतात, पण तेव्हा नकाशावर काहीच नसल्यामुळे कुणी फिरकत नाही. खरी गर्दी होते ती २६ व्या कलमाखाली प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर. पुढे नियोजन समितीसमोर सुनावणी असते, आणि आपली हरकत तिथे स्वतः जाऊन मांडता येते. त्यासाठी ती मुदतीत, लेखी दिलेली असावी लागते.

मुंबईच्या २०३४ च्या आराखड्याचं प्रारूप २०१५ मध्ये आलं तेव्हा उभ्या वास्तूंच्या जागी नकाशात भलतंच दाखवल्याच्या तक्रारी वॉर्डावॉर्डातून आल्या. सर्व्हेच कच्चा होता. हजारो हरकती जमा झाल्यावर तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी ते प्रारूप बाजूला ठेवून दुरुस्तीचं काम नव्याने करायला लावलं. मंजुरी मिळायला २०१८ उजाडलं.