खेळावरचा बंदीहुकूम

नवे शैक्षणिक वर्ष तोंडावर आले की तीन-साडेतीन वर्षांच्या मुलांना ‘के. जी.’त घालण्याची लगबग घरोघर सुरू होते. पेडण्यापासून काणकोणपर्यंत हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. तो ‘किंडरगार्टन’ या जर्मन नावाचा संक्षेप असून त्याचा अर्थ मुलांचा बगीचा असा आहे. ज्याने हे नाव दिले त्याच्या बगीच्यात अक्षरे गिरवून घेण्याला स्थान नव्हते, याचे स्मरण मात्र क्वचितच कोणाला असते.

फ्रेडरिख फ्रोबेल यांचा जन्म २१ एप्रिल १७८२ रोजी थुरिंगियातील ओबरवाइसबाख या गावी एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. वर्षाचे होण्यापूर्वीच त्यांचे मातृछत्र हरपले. वडील आपल्या कामात गढलेले. सावत्र आईला स्वतःचे मूल झाल्यावर या पोरक्या मुलाची आबाळच झाली. पुढे आयुष्यभर त्यांनी इतरांच्या मुलांना जे देऊ केले, ते त्यांच्या स्वतःच्या वाट्याला आले नव्हते.

तारुण्यात वनरक्षकाच्या हाताखाली उमेदवारी झाली, येना विद्यापीठातले शिक्षण अपुरे राहिले. १८०५ साली फ्रँकफुर्टच्या एका शाळेत वर्गापुढे उभे राहिल्यावरच त्यांना आपले काम गवसले. १८०८ ते १८१० ही वर्षे त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये पेस्टॉलॉझी यांच्या सान्निध्यात घालवली. १८१३ साली नेपोलियनविरुद्धच्या युद्धात ते स्वयंसैनिक झाले आणि नंतर बर्लिनमध्ये प्राध्यापक वाइस यांच्या खनिजसंग्रहाचे साहाय्यक. साध्या आकारांतून नियमाने मोठी रचना कशी उभी राहते, हे त्यांनी तेथे स्फटिक हाताळताना पाहिले. काइलहाऊ येथे त्यांनी शाळा चालविली, १८२६ मध्ये मानवाच्या शिक्षणावर ग्रंथ लिहिला. ग्रंथ गूढतेने बोजड झाला आहे; फ्रोबेल समजून घ्यायचे तर त्यांची खेळणीच पाहावीत.

ही खेळणी त्यांनी १८३७ पासून, वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर, ब्लँकेनबुर्ग येथे सिद्ध केली आणि त्यांना ‘देणग्या’ म्हटले. पहिली देणगी लोकरीच्या सहा रंगीत चेंडूंची. दोरीला बांधलेला चेंडू झुलतो, दूर जातो, परत येतो; बोलू न शकणारे मूल त्यातून येणे-जाणे, असणे-नसणे शिकते. दुसरीत लाकडी गोल, घन आणि दंडगोल. तिसरीत आठ लहान घनांत विभागलेला एक घन. त्याची खुर्ची करावी, जिना करावा. मात्र पहिली रचना मोडून न टाकता तुकडे सरकवून तिच्यातूनच दुसरी घडवावी आणि एकही तुकडा बाजूला पडू देऊ नये. मोडण्याऐवजी बदलण्याची ही सवय कोणत्याही उपदेशावाचून लागते. जोडीला गाणी, फेर धरून खेळणे आणि प्रत्येक मुलाचा स्वतःचा वाफा. पुढे काही अनुयायांनी याच देणग्यांची कवायत करून टाकली, हेही सांगितले पाहिजे. आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळातून शिक्षणाचा पुरस्कार केला. तरीही पालकांना चार वर्षांच्या मुलाची भरलेली वही पाहिल्यावाचून फी सार्थकी लागल्यासारखे वाटत नाही.

१८४० मध्ये या प्रयोगाला ‘किंडरगार्टन’ हे नाव मिळाले. पैसा मात्र कधीच पुरला नाही. घरगुती वात्सल्याला शास्त्राची जोड मिळावी म्हणून फ्रोबेल तरुण स्त्रियांना शिक्षिका म्हणून तयार करू लागले. स्त्रियांना हा स्वतंत्र व्यवसाय खुला होणे अनेक प्रतिष्ठितांना मानवले नाही. खेड्यातील मुलांबरोबर नाचणाऱ्या या म्हाताऱ्याला लोक वेडा म्हणत.

१८४८ ची क्रांती दडपली गेली आणि राज्यकर्त्यांना सर्वत्र कट दिसू लागले. ७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. आरोप नास्तिकतेचा आणि समाजवादाचा. पुतण्या कार्ल फ्रोबेल याच्या एका पुस्तिकेचा दोष सरकारने काकांच्या माथी मारला होता. आयुष्यभर ईश्वराचे नाव घेणाऱ्या वृद्धाने हा घोटाळा परोपरीने स्पष्ट केला, राजाकडे दाद मागितली. हुकूम हलला नाही. तो निव्वळ नामसादृश्यातून निघाला, असे आम्हास वाटत नाही. चूक दाखवून दिल्यावर ती सुधारता आली असती. आज्ञेवाचून काही घडविण्याची सवय लागलेली मुले उद्या कोणत्या प्रकारचे नागरिक होतील, याची भीती त्या सरकारला वाटली असावी.

२१ जून १८५२ रोजी मारिएनथाल येथे फ्रोबेल निवर्तले तेव्हा बंदी कायम होती. ती उठली १८६० साली. तोवर लंडनमध्ये त्यांच्या पद्धतीच्या शाळा निघाल्या होत्या. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधील वॉटरटाउन येथे मार्गारेटे शुर्झ या जर्मन स्त्रीने १८५६ सालीच आपल्या घरी किंडरगार्टन सुरू केले होते. श्वाइना येथे फ्रोबेल यांच्या समाधीवर खाली घन, मध्ये दंडगोल आणि वर गोल असे दगडी स्मारक उभे आहे.