कुणाचीही हुबेहूब नक्कल करणाऱ्या कुमारांनी बालगंधर्वांची नक्कल का केली नाही?

२०११ साली सुबोध भावेंचा ‘बालगंधर्व’ आला आणि आपल्या पिढीला हे नाव नव्याने कळलं. पण त्याच्या बरंच आधी, १९६५ साली, एका गायकाने बालगंधर्वांना मानाचा मुजरा केला होता. गायक होते कुमार गंधर्व आणि कार्यक्रमाचं नाव होतं ‘मला उमजलेले बालगंधर्व’. याच नावाने पुढे एचएमव्हीची रेकॉर्डही निघाली.

विशेष म्हणजे तेव्हा बालगंधर्व हयात होते. ज्यांनी त्यांना ऐन भरात ऐकलं होतं, ते रसिकही होते. म्हणजे तुलना होणार हे ठरलेलंच. मग कुमारांनी ही जोखीम का घेतली? त्यासाठी आधी बालगंधर्व काय चीज होती ते बघावं लागतं.

नारायण श्रीपाद राजहंस, जन्म २६ जून १८८८. लहान वयात त्यांचं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना बालगंधर्व म्हटलं असं सांगतात, आणि ते नाव कायमचं चिकटलं. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. तेव्हा बायकांनी रंगमंचावर यायची पद्धत नव्हती, त्यांच्या भूमिका पुरुषच करायचे. नारायणराव शकुंतला म्हणून उभे राहिले आणि लोक बघतच राहिले. पुढे पुढे तर चांगल्या घरातल्या बायका साडी कशी नेसायची, गजरा कसा माळायचा, हे त्यांच्याकडे बघून ठरवू लागल्या.

१२ मार्च १९११. मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. चाली होत्या हार्मोनियमचे उस्ताद गोविंदराव टेंबे यांच्या. त्याच दिवशी नारायणरावांची लहान मुलगी वारली. प्रयोग रद्द करा असं सगळे म्हणत होते. त्यांनी तोंडाला रंग लावला आणि भामिनी उभी केली.

१९१३ मध्ये त्यांनी भागीदारांसोबत गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांचं संगीत होतं. रागदारी गाणं साध्या प्रेक्षकाच्या ओठावर आलं ते या नाटकांमुळे. तबल्याला पुढे अहमदजान थिरकवांसारखा माणूस होता. पडदे, दागिने, अत्तर, सगळं अस्सल लागायचं. हिशेब मात्र कुणी बघायचं नाही.

व्हायचं तेच झालं. १९२१ मध्ये कंपनी कर्जात बुडाली. त्याच वर्षी ८ जुलैला त्यांनी केशवराव भोसल्यांसोबत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ केलं. एकीकडे डोक्यावर कर्ज, दुसरीकडे देशासाठी प्रयोग. कर्ज त्यांनी बुडवलं नाही. नाटकं करत करत फेडलं.

मग बोलपट आले आणि संगीत नाटकांची गर्दी ओसरली. बालगंधर्वही प्रभातच्या सिनेमात गेले. १९३५ च्या व्ही. शांतारामांच्या ‘धर्मात्मा’मध्ये ते झाले संत एकनाथ. आमच्या गेवराईच्या माणसाला हे वाचून बरं वाटेल, कारण नाथांचं पैठण आमच्या शेजारचं, त्याच गोदावरीच्या काठावरचं. आयुष्यभर लुगडं नेसून उभा राहिलेला नट इथे पुरुष भूमिकेत होता. पण सिनेमात त्यांचा जीव रमला नाही. ते पुन्हा नाटकाकडे वळले.

१९३८ च्या सुमारास गायिका गोहराबाई कर्नाटकी कंपनीत आल्या. दोघांच्या नात्यावरून समाजाने खूप नावं ठेवली, पण त्यांनी शेवटपर्यंत साथ दिली. म्हातारपणी बालगंधर्वांचे पाय गेले. ज्यांची चाल बघायला लोक तिकीट काढायचे, त्यांना उभंही राहता येईना. ते बसून भजनं गायचे. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळालं, पण वैभव कधीच सरलं होतं.

आता पुन्हा कुमारांकडे येऊ.

बेळगावजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळीमठ लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून जशाच्या तशा गायचा. कुमार गंधर्व ही पदवी त्याला पोरवयातच मिळाली. पुढे ऐन तारुण्यात क्षयाने गाठलं. काही वर्षं गाणं बंद. देवासला पडल्या पडल्या ते आजूबाजूची लोकगीतं ऐकत राहिले. आजारातून उठले तेव्हा एक फुफ्फुस जवळपास निकामी झालं होतं. बालगंधर्वांसारखं लांब, न तुटणारं गाणं या श्वासात बसणं अवघडच. त्यांचं गाणं छोट्या, धारदार तुकड्यांचं झालं.

म्हणजे बघा, नक्कल करण्यात ज्याचा हात कुणी धरला नसता, त्यानेच या मुजऱ्यात नक्कल टाळली. साडी नाही, नाटकातला प्रवेश नाही. पदं बालगंधर्वांची, आवाज कुमारांचा. शब्द कुठे थांबतो, सूर कुठे रेंगाळतो, ताल न मोडता लयीशी खेळ कसा होतो, हे त्यांनी स्वतःच्या गळ्यातून दाखवलं. नावातला ‘मला उमजलेले’ हा शब्द त्यासाठीच महत्त्वाचा. पूर्ण बालगंधर्व मला सापडले, असा दावा त्यात नाही. आणि फक्त त्यांच्यासारखं गायलो की झालं, असंही नाही.

दोन वर्षांनी, १५ जुलै १९६७ ला बालगंधर्व गेले. पुण्यातल्या ज्या रंगमंदिराचं भूमिपूजन १९६२ मध्ये त्यांच्याच हातून झालं होतं, ते १९६८ मध्ये त्यांच्या नावाने उघडलं. ते बघायला ते नव्हते.

आज आपण दहा सेकंदांच्या रीलमध्ये कुणाचीही मिमिक्री करतो आणि त्याला ट्रिब्यूट म्हणतो. एकदा वेळ काढून आधी बालगंधर्वांचं एखादं पद ऐका, मग तेच कुमारांकडून. दोन आवाज अजिबात जुळणार नाहीत. पण दुसरं ऐकून झालं की पहिलं परत लावावंसं वाटेल, आणि या वेळी त्यात आधी न ऐकलेलं काहीतरी सापडेल.